मैनाबाईंचा पाऊण टक्का

गोपाळराव धकाते यांना देवांची नावं विचारली तर चार-पाच सांगून ते थांबतील. पण मुदत ठेवीचे दर विचारून बघा! नागपुरातल्या कुठल्या बँकेत वर्षाला किती, दोन वर्षांना किती, कुठे सणासाठी नवीन योजना निघाली, सगळं तोंडपाठ. प्रताप नगरात ज्या ठेल्यावर ते सकाळी तर्री-पोहे खायला जात, तिथे त्यांना बघून लोक सरकून जागा देत. काही जण आदराने सरकत, बाकीचे आता यांचं सुरू होणार म्हणून सरकत. गोपाळरावांना यातला फरक कधी कळला नाही, आणि ते बरंच झालं.

माणूस तसा वाईट नाही हो. बाप गोळीबार चौकात हातमागावर लुगडी विणायचा. माग बंद पडले, बाप गेला आणि गोपाळराव वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात कारकून लागले. सगळी उमर बिल्ट्या, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या फाडण्यात गेली. पेन्शनचं नाव नाही. निवृत्त झाले तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी आणि बापाचं घर विकून आलेला निम्मा हिस्सा, असे मिळून चौदा लाख हाती आले. ते बँकेत ठेवायचे, व्याजावर दोघा नवराबायकोंनी जगायचं आणि पोरापुढे हात पसरायचा नाही, एवढा एकच हट्ट. हट्टात काही चूक नव्हती. चूक एवढीच, की ते व्याजाचा आकडा बघत, त्या आकड्यात बाजारातून काय येतं ते बघत नसत.

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी आपला दर जाहीर करते. त्या सकाळी गोपाळराव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढे बसत. त्याच टीव्हीपुढे, त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा अभिजीत बसे. अभिजीतने लग्न जमायच्या आधी घर पाहिजे म्हणून हा दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट कर्ज काढून घेतला होता, आणि कर्ज होतं बदलत्या दराचं. म्हणजे एकच बातमी ऐकून एकाचा चेहरा खुलायचा आणि दुसऱ्याचा पडायचा. कोरोनाच्या काळात दर धडाधड खाली आले तेव्हा अभिजीत शिट्टी वाजवत फिरायचा आणि गोपाळरावांच्या छातीत दुखायचं. मग बावीस साली दर चढायला लागले. गोपाळरावांनी पाव किलो संत्रा बर्फी आणली. अभिजीतचं वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांवर गेलं होतं. त्याने बर्फीला हात लावला नाही.

"खा ना बे," गोपाळराव म्हणाले. "बापाचं व्याज वाढलं."

"बाबा, तुमचं वाढलेलं व्याज माझ्याच खिशातून जाऊन राहिलं," अभिजीत म्हणाला.

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पण गोपाळरावांना ते पटलं नाही. दर ही त्यांच्या लेखी ऊन-पावसासारखी वरून येणारी गोष्ट होती, कोणाच्या खिशातून कशाला येईल?

त्यांच्या बायकोचं, जयाबाईंचं दुखणं वेगळंच होतं. त्या भाजीची पिशवी ओट्यावर आपटत म्हणत, "दर वाढला, दर वाढला म्हणता, मग महिन्याच्या शेवटी हातात काहून राहत नाही काही? तूरडाळ कुठे गेली ते पाहा जरा."

"डाळीचा अन् दराचा काय संबंध वं?"

"संबंध नाही कसा? तुमचे सात टक्के आले अन् दुकानदार घेऊन गेला. आपण मधात हमाल."

गोपाळराव यावर हसत. बायकांना अर्थशास्त्र कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. नव्वदच्या दशकात तेरा टक्के मिळत होते, त्या दिवसांची आठवण ते गहिवरून काढत. त्या तेरा टक्क्यांच्या काळातही महिनाअखेर उधारीवरच निघायची, ही आठवण मात्र त्यांना येत नसे.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला पाहिजे. मैनाबाईंनी ऐंशी केव्हाच ओलांडलेली. ऐन उमेदीत त्यांनी नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, सावजी मसाले कुटून विकले आणि दोन पोरं मोठी केली. पोरं मोठी झाली आणि आईची वाटणी झाली. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत थोरल्या गोपाळकडे प्रताप नगरात, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत धाकट्या रुपरावकडे वाडीत. रुपरावचं वाडीत ट्रकच्या ताडपत्र्यांचं दुकान आणि मागे तीन खोल्या. असं पुष्कळ घरांत असतं, कोणी त्याला वाईट म्हणत नाही. फक्त एवढंच, की ज्याची पाळी संपत आली तो पंधरा दिवस आधीच "मायले आता हवापालट पाहिजे" म्हणू लागे, आणि ज्याची पाळी येणार त्याच्याकडे नेमके तेव्हाच पाहुणे येणार असत, किंवा रंगकाम निघालेलं असे. मैनाबाई दोन्हीकडे ऐकून घेत. त्या काही बोलल्या तरी फरक पडणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

तेवीस सालच्या पोळ्यानंतर, मारबतीच्या दुसऱ्या दिवशी गोपाळराव चौकातल्या बँकेत गेले. तिथला मॅनेजर उन्मेष नवा, पोरगेलासा आणि बोलघेवडा. गोपाळराव आले की तो आपणहून त्यांना नवे दर सांगायचा, म्हणून त्यांचा लाडका. त्या दिवशी तो म्हणाला, "काका, एक खास योजना आली आहे. साठीच्या वरच्यांना साडेसात टक्के, ते तुम्हाला मिळतातच. पण ऐंशीच्या वर असेल तर आणखी पाऊण टक्का. सव्वाआठ! दोन वर्षांसाठी. एका माणसाच्या नावावर एकच ठेव, पंधरा लाखांपर्यंत."

"ऐंशीच्या वर?" गोपाळरावांनी विचारलं.

"आहे का कोणी घरी?"

गोपाळरावांना आईची अशी आठवण कित्येक वर्षांत आली नसेल. बँकेतून निघाले ते घरी न येता थेट वाडीला. मैनाबाई मागच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. दसऱ्याला अजून महिनाभर अवकाश होता.

"माय, चाल घरी," गोपाळराव म्हणाले. "मले करमत नाही तुझ्याबिगर."

मैनाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. रुपराव दुकानातून आत येऊन भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. पण घरातलं एक माणूस पाळीच्या आधीच कमी होतंय म्हटल्यावर त्याने फार चौकशी केली नाही. उलट स्वतः ऑटो बोलावला आणि वरून ऑटोवाल्याला पैसेही दिले. हे त्याच्या नंतर फार मनाला लागलं.

बँकेत मैनाबाईंनी चार ठिकाणी अंगठा दिला. उन्मेषने चहा मागवला. मैनाबाईंनी विचारलं, "हे पैसे कोणाचे गा, साहेब?"

"कागदावर तुमचेच, आजी."

"किती हायेत?"

"चौदा लाख."

म्हातारीने पदर सावरला. गोपाळराव घाईघाईने सांगू लागले, की माय, ते फक्त कागदावर, मधात आपला पाऊण टक्का निघते, त्याच्यासाठी. पण मैनाबाईंना त्यातलं जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. बाहेर ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मह्यामुळं भेटते ना जास्तीचं?"

"हो माय. तुझ्यामुळंच."

"मग जरा हळू चालवाले सांग त्याले. मले काही झालं तर?"

आणि खरंच, गोपाळरावांनी ऑटोवाल्याला हळू चालवायला सांगितलं.

तिथून पुढे धकात्यांच्या घरी मैनाबाईंचं जे राज्य सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. सकाळी डाळिंबाचे दाणे. दुपारी कूलरपुढची खाट, जिच्यावर आजवर गोपाळराव लोळत असत. नुसती शिंक आली तरी डॉक्टर. दुसऱ्या माळ्यावरून उतरवायला दोघा माणसांसह खुर्ची. संध्याकाळी गोपाळराव आईला हाताला धरून सोसायटीच्या आवारात फिरवत आणि खिडक्यांतून बाया आपापल्या नवऱ्यांना ते दृश्य दाखवत. "पाहा, याला म्हणतात मुलगा!" सोसायटीच्या कोजागिरीला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. गोपाळरावांनी तो डोळे पुसत स्वीकारला. डोळे खरोखर भरून आले होते. शालीत गुंडाळला गेला की माणसाला स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागतं.

जयाबाईंनी तीन महिने बघितलं आणि मग तोंड उघडलं. "तुमच्या त्या पाऊण टक्क्याचे वर्षाला किती होतात?"

"साडेदहा हजार!" गोपाळराव अभिमानाने म्हणाले.

"अन् डाळिंब, डॉक्टर, खुर्चीवाली माणसं, हे सगळं धरून किती गेले? साडेदहा तर दिवाळीतच उडाले."

"तू दर पाहा ना वं! सव्वाआठ! पूर्ण प्रताप नगरात कोणाले तरी हाये काय सव्वाआठ?"

जयाबाईंनी कपाळाला हात लावला. पण एक गोष्ट खरी. सासूला डाळिंब सोलून द्यायला त्यांनी कधी कुरकुर केली नाही. खर्चाबद्दल बोलायच्या आणि दाणे वाटीत भरायच्या.

मैनाबाईही बदलल्या. पूर्वी चहा थंड मिळाला तरी पिऊन टाकत, आता परत पाठवू लागल्या. दर महिन्याला बँकेतून मोबाइलवर संदेश आला की विचारत, "गोपाळ, किती टक्के हायेत गा मह्ये?" गोपाळराव मोठ्याने सांगत, "सव्वाआठ, माय!" आणि मैनाबाई मान हलवत. टक्का म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. आपण कोणाला तरी हव्या आहोत याचं ते माप आहे, एवढं त्यांनी ओळखलं होतं, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर होतं.

बातमी वाडीला पोचायला उशीर लागला, पण पोचली. उन्हाळ्यात पाडवा होऊन गेला तरी गोपाळराव आईला पाठवत नाहीत, उलट फोनवर "राहू दे, तिची तब्येत इथेच चांगली राहते" म्हणतात, हे ऐकून रुपराव हबकलाच. पाळी चुकवून आई ठेवून घेणारा भाऊ त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने चौकशी केली. मग एका रविवारी तो सावजी मटणाचा डबा घेऊन आला.

"माय, तुले घ्यायले आलो," रुपराव म्हणाला. "पाडव्यापासून मही पाळी हाये. पोरं तुही आठवण काढून राहिली."

"माय कुठं जात नाही," गोपाळराव म्हणाले.

"काहून? तुह्या एकट्याची हाये काय?"

"ठेव हाये तिच्या नावावर. मुदत हाये."

"अरे, तेच तर!" रुपराव उसळला. "मीबी हिशेब केला, भाऊ. तू साठीच्या वरचा, तुले अर्धा टक्का तसाही भेटते. मायमुळं तुहा फायदा पाऊण. मी अजून साठीत नाही, मले काहीच भेटत नाही. मायच्या नावावर टाकले तर मले सव्वा टक्का! सांग, कोणाकडे राह्यली पाहिजे माय?"

हिशेब बिनतोड होता. दुसरा कोणी असता तर गोपाळरावांनी शाबासकी दिली असती. पण मग त्यांनी टेबलावर हात आपटला, रुपरावने आवाज चढवला, एकाने जुन्या घराच्या वाटणीतली पितळी घंगाळी काढली, दुसऱ्याने लग्नातला आहेर काढला. जयाबाई "शेजारी ऐकून राहिले" म्हणत दारं लावत फिरल्या.

आणि मैनाबाई? त्या कूलरपुढच्या खाटेवर बसून रस्सा भाकरीत कुस्करत होत्या. दोन्ही पोरं त्यांच्यासाठी भांडत होती. नवरा गेल्यापासून असं सुख त्यांना लाभलं नव्हतं. मध्येच त्या म्हणाल्या, "भांडा नका गा," पण असं म्हणाल्या, की भांडण लगेच थांबलं तर त्यांना वाईट वाटलं असतं. शेवटी त्यांनीच निकाल दिला: मुदत संपेपर्यंत गोपाळकडे, मग बघू. रुपराव रिकामा डबा घेऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि दर पंधरा दिवसांनी फोन करू लागला.

पण दर काही मैनाबाईंना विचारून चालत नव्हते. पंचवीस साल उजाडलं आणि रिझर्व्ह बँकेने दर उतरवायला सुरुवात केली. एकदा, मग पुन्हा, मग जूनमध्ये एकदम अर्धा टक्का. आता बर्फी आणायची पाळी अभिजीतची होती. पेपरात आलं, की कर्जं स्वस्त होतील, लोक घरं घेतील, गाड्या घेतील, वाडीच्या गोदामांत माल हलेल, सगळ्या देशाचं भलं होईल. असेलही. गोपाळराव मात्र टीव्हीकडे पाठ करून बसले. महागाई कमी झाली म्हणून दर कमी केले, असं टीव्हीवरचा माणूस सांगत होता. जयाबाई म्हणाल्याही, की खरंच, डाळ उतरली आहे जरा. गोपाळरावांनी ऐकलं नाही. आकडा उतरला होता, आणि त्यांच्या लेखी त्यांच्याच घरचं कोणी गेलं होतं.

सप्टेंबरात ठेवीची मुदत भरली. गोपाळराव एकटेच बँकेत गेले. उन्मेषने या खेपेला आपणहून दर सांगितले नाहीत.

"काका, ती खास योजना बंद झाली. आता साठीच्या वर सगळ्यांना सारखाच, सहा पूर्णांक सहा."

"अन् ऐंशीच्या वर?"

"तोच. जास्तीचं काही नाही. आजींना आणायची गरज नाही आता, तुमच्याच नावावर करून टाकू."

गोपाळराव बँकेच्या पायरीवर बसले. सहा पूर्णांक सहा. महिन्याला जवळजवळ दोन हजारांचा खड्डा. कुठे भरायचा? अभिजीतकडे मागायचे? त्यापेक्षा मेलेलं बरं. मग एकेक खर्च डोळ्यांपुढे यायला लागले, आणि त्यातले निम्मे एकाच खाटेवरचे होते. आज पहिल्यांदाच त्यांनी जयाबाईंचा हिशेब मनात करून पाहिला. तो बरोबर निघाला. दोन वर्षं ते तोट्यात होते, सव्वाआठच्या आनंदात.

त्यांनी रुपरावला फोन लावला.

"रुपराव, मायची मुदत झाली गा. तू म्हणत होता ना... घेऊन जा आता. तिलेबी हवापालट होईल."

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"भाऊ," रुपराव म्हणाला, "योजना बंद झाली ना? मी मागच्या महिन्यातच इचारून आलो होतो बँकेत. अन् मागची खोली भाड्यानं देल्ली मी, ड्रायव्हर लोकांले. पाहू दसऱ्यानंतर." आणि फोन ठेवला.

गोपाळरावांना रुपरावचा संताप आला. काय पण मुलगा! आईपेक्षा भाडं मोठं! तोंडात आलेली शिवी त्यांनी तिथल्या तिथे गिळली, कारण फोन आपणच केला होता हे त्यांना आठवलं. भर दुपारी, चौकातल्या गर्दीत, सत्काराची शाल घेतलेल्या त्या माणसाला स्वतःची लाज वाटली. ती लाज घेऊन ते दोन माळे चढले.

घरात जयाबाई नव्हत्या, दळण आणायला गेल्या होत्या. अभिजीत कामावर. मैनाबाई खाटेवर नव्हत्या. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. तीन लुगडी, चष्मा, औषधाची डबी, सगळं एका चादरीत बांधून गाठोडं पायाशी ठेवलेलं. केस विंचरलेले, पायात चपला.

"कुठं निघाली, माय?"

"अभि सांगत होता काल फोनवर कोणाले, बँकेचे टक्के पडले म्हणून. त्याचा हप्ता कमी झाला म्हणे. बरं झालं पोराचं." मैनाबाई गुडघे चोळत म्हणाल्या. "अन् तू बँकेत गेला. मले नाही नेलं. म्हटलं, बांधून ठेवावं. तुले सांगाले जड जाईन."

आयुष्यात गोपाळरावांनी पुष्कळ गोष्टी लपवल्या असतील, पण कोणाला दर चुकीचा सांगितला नव्हता. दशांशाचं टिंबही इकडचं तिकडे केलं नव्हतं. पोह्याच्या ठेल्यावर त्यांना इज्जत होती ती तेवढ्याचीच.

"किती झाले गा मह्ये टक्के?" मैनाबाईंनी विचारलं. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, गाठोड्याची गाठ घट्ट करत होत्या.

"नऊ," गोपाळराव म्हणाले.

"नऊ?"

"हो, माय. दुसऱ्यांचे पडले. तुह्ये वाढले."

मैनाबाईंनी वर पाहिलं. कितीतरी वेळ त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पायातल्या चपला एकेक करून काढल्या आणि आवाज एकदम खाली आणला.

"मग रुपरावले सांगजो नको," त्या म्हणाल्या. "तो न्यायले येईल."

"नाही सांगत," गोपाळराव म्हणाले, आणि गाठोडं उचलून आत घेऊन गेले.